‘वजन नियंत्रण’ लिहिलेल्या खाद्याने माझ्या कुत्रीचं वजन वाढवलं

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘सांधे व वजन नियंत्रण’ या श्वानखाद्यावरचा चुकीचा तक्ता, सोबतचं सदोष माप आणि कॅलरींचा नसलेला उल्लेख

महोदय,

माझी लॅब्रेडॉर चिंगी सहा वर्षांची आहे, नसबंदी झालेली. दोन वर्षांची असताना एक्स-रेमध्ये तिच्या दोन्ही खुब्यांना हिप डिस्प्लेसिया असल्याचं दिसलं. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही, सैल हलतो, आणि घासून घासून कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, झिजते. मग संधिवात. हे दुखणं बरंचसं आनुवंशिक, ते माझ्या हातात नव्हतं. तिचं वजन मात्र माझ्या हातात होतं, आणि तेच सांभाळण्यासाठी मी आपलं खाद्य आणलं.

सुरुवात केली तेव्हा चिंगी ३४.४ किलोची होती. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं लक्ष्य होतं ३० किलो. चार महिने मी आपल्या पिशवीवरचा तक्ता पाळला. घरात कुणालाही वरचा तुकडा टाकू दिला नाही. चार महिन्यांनी काट्यावर आकडा आला ३६.१.

या चार महिन्यांत काय झालं ते मला सविस्तर सांगायचं आहे, कारण पिशवीवरच्या हसऱ्या कुत्र्याच्या फोटोत ते दिसत नाही. सकाळी उठताना चिंगी आधी पुढचे दोन्ही पाय रोवायची, मग मागचं धड ओढून घ्यायची. गुळगुळीत फरशीवर तिच्या मागच्या नखांचा खरखर आवाज यायचा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कुठे ती उभी राहायची. जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या. शेवटी तिने जिना चढणंच सोडलं. खालच्या पायरीशी बसून, मागचे पाय एका बाजूला टाकून, नुसती वर बघत राहायची. मांडीवर हात ठेवला की स्नायू उतरलेला कळायचा आणि बरगड्यांवर हात फिरवला की चरबीखाली बरगडी सापडायची नाही.

डॉक्टरांनी विचारलं, रोज किती कॅलरी देता? मला सांगता आलं नाही. पिशवी उलटसुलट करून पाहिली. प्रथिनं २४ टक्के, स्निग्ध पदार्थ १४, तंतू ५, ओलावा १०, राख (म्हणजे खनिजं) ८, सगळं छापलं आहे. किलोमागे कॅलरी किती, हे कुठेही नाही. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला ज्या एका आकड्याची गरज असते, नेमका तोच आपण गाळला आहे.

मग डॉक्टरांनी समोर बसवून हिशेब करून दाखवला. प्रथिनांच्या ग्रॅममागे ३.५ कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या ८.५, उरलेल्या कर्बोदकांच्या ३.५. आपल्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी निघतात. ३० किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज दिवसाला सुमारे ९०० कॅलरी असते, आणि वजन उतरवताना सुरुवात सहसा त्याच्याच आसपास करतात. आपल्या तक्त्यात ३५ किलोच्या ओळीसमोर ३८० ग्रॅम लिहिलं आहे, म्हणजे जवळपास १,२९० कॅलरी. तक्त्यात विचारलेलं असतं ‘कुत्र्याचं वजन’. कुठलं? आजचं की हवं असलेलं? साधा माणूस आजचंच वजन धरणार, मीही धरलं. म्हणजे कुत्रं जितकं जाड, तितकं त्याला जास्त खाऊ घाला, असं आपला वजन नियंत्रणाचा तक्ता सांगतो.

आता मापाकडे येते. पिशवीसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पेल्यावर ‘१०० ग्रॅम’ची रेघ आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तो पेला रेघेपर्यंत दहा वेळा भरला आणि दर वेळी काट्यावर ठेवला. एकदाही १०० आलं नाही. सर्वांत कमी ११२, सर्वांत जास्त १३१, बहुतेक वेळा १२०च्या आगेमागे. म्हणजे ३८० ग्रॅम देते आहे असं समजून मी रोज साडेचारशेच्या वर, सुमारे १,५५० कॅलरी घालत होते. दहाही वेळचे फोटो सोबत जोडले आहेत, पिशवीवरच्या बॅच क्रमांकासह. पेल्याने मोजताना हात थोडा इकडेतिकडे होतो हे मान्य आहे. पण हात चुकला तर आकडा कधी खालीही जायला हवा होता.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, “कुत्र्याला जास्त पळवा.” या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला. सैल खुब्याच्या, जड कुत्र्याला पळवणं, उड्या मारायला लावणं म्हणजे झिजलेल्या सांध्यावर आणखी घाव घालणं. तिला पट्ट्यावर सावकाश, थोडं थोडं चालवायचं असतं, जमलं तर पोहवायचं असतं. सांध्यांच्या नावाने खाद्य विकणाऱ्या कंपनीत फोन उचलणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं.

पिशवीच्या दर्शनी भागावर सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘ग्लुकोसामाइन’ आहे. सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं हे पूरक, पण कुत्र्यांमध्ये त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडाच आहे. ओमेगा-३ या स्निग्धाम्लांबद्दल पुरावा बरा आहे, पण तो माशाच्या तेलातल्या ईपीए आणि डीएचए या प्रकारांबद्दल. आपण जवस घातलं आहे, आणि जवसातल्या ओमेगा-३चं या प्रकारांत रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडं होतं. याउलट वजनाबद्दल शंकेला फारशी जागा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात असलेल्या जाड कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांच्या थोडं वर उतरलं, तेव्हाच लंगडणं लक्षात येण्याइतकं कमी झालं होतं. ४८ लॅब्रेडॉरवरचा आयुष्यभराचा अभ्यास तर आपल्या पोषणतज्ज्ञांना पाठ असेल. भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्याचा संधिवात कितीतरी उशिरा दिसला, आणि त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते) ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षं भरलं. हे माहीत असूनही आपल्या पिल्लांच्या खाद्यावर गुबगुबीत पिल्लू आणि ‘झपाट्याने वाढ’ हे शब्द कसे? मोठ्या जातीच्या पिल्लाची झपाट्याने वाढच तर खुब्यांना नडते.

चिंगीला आता डॉक्टरांनी वजन उतरवण्याच्या खास आहारावर घेतलं आहे. नेहमीचंच खाद्य इतकं कमी केलं तर प्रथिनं आणि खनिजं तुटपुंजी पडतात, म्हणून. प्रत्येक घास काट्यावर ग्रॅममध्ये मोजते. बक्षिसाचे तुकडेसुद्धा त्याच हिशेबात, एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत. नऊ आठवड्यांत ती ३२.९ वर आली आहे, म्हणजे आठवड्याला साधारण एक टक्का. सातव्या आठवड्यात एका सकाळी नखांचा आवाज न येता ती उठली आणि मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले.

माझी मागणी अशी : पिशवीवर किलोमागे आणि पेल्यामागे कॅलरी छापा. तक्ता डॉक्टरांनी ठरवलेल्या लक्ष्य वजनावर करा आणि तसं ठळक लिहा. तो पेला तपासून परत मागवा, आणि ज्यांनी या बॅचच्या पिशव्या घेतल्या त्यांना कळवा. माझ्याकडच्या दोन न उघडलेल्या पिशव्या परत घेऊन पैसे द्या. ‘जास्त पळवा’ हा सल्ला आणखी किती जणांना दिला गेला, तेही शोधा.

कृपया छापील माफीनामा पाठवू नका. आपल्या पोषणतज्ज्ञाने हिशेब तपासून, सहीनिशी लेखी उत्तर द्यावं. पंधरा दिवस वाट पाहते.

आपली,
चिंगीची पालक

सोबत : मापाचे दहा फोटो, पिशवीवरचा तक्ता व बॅच क्रमांक, चिंगीच्या वजनाची नोंदवही, डॉक्टरांचं पत्र