सोलर घड्याळ बंद पडलं म्हणजे बिघडलंच असं नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोबाईल किती टक्क्यांवर चार्जिंगला लावावा यावर पेपरात सतत काही ना काही येत असतं, पण हातातल्या सोलर घड्याळाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हे पत्र. "बॅटरी बदलायची गरजच नाही" ही जाहिरात ऐकून लोकांना वाटतं की आत बॅटरी नाहीच, उजेड पडला की काटे फिरतात. तसं नाहीये. डायल थोडी आरपार असते, तिच्याखाली सोलर पॅनल असतं आणि ते आतला छोटा रिचार्जेबल सेल भरत राहतं, अंधारात घड्याळ चालतं ते त्या सेलवर. हे तंत्र काही आजचं नाही, सिटिझनचं काट्यांचं सोलर घड्याळ 1976 सालचं आहे.

आता बंद पडलेलं म्हणून जे घड्याळ दुकानात जातं ते बऱ्याचदा नुसतं उपाशी असतं. महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये पडलेलं किंवा रोज फुल बाहीच्या शर्टाखाली झाकलेलं. सिटिझन, सेकोच्या बऱ्याच घड्याळांत चार्ज कमी झाला की सेकंदकाटा दर सेकंदाला न हलता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो, लोक म्हणतात मशीन गेलं, अहो ते मशीन तुम्हाला सांगतंय की मला उजेडात ठेवा! आणि आधी वेळ लावायची चावी बाहेर ओढलेली राहिल्यामुळे काटे थांबलेत का तेही बघा, हसू नका, असं होतं. डिजिटलवाल्यांचं वेगळंच, कॅसिओच्या कित्येक सोलर मॉडेल्समध्ये रात्री अंधारात तासभर ठेवलं की स्क्रीन आपोआप कोरी होते, तो पॉवर सेव्हिंग आहे, उजेडात आणलं की आकडे परत दिसतात.

चार्जिंगचं गणित मात्र लोकांना पटत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात, भर उन्हात तो साधारण 1,00,000 लक्स असतो, ढगाळ दिवशी बाहेर 10,000 च्या आसपास आणि ऑफिसात टेबलावर जेमतेम 500. आपल्या डोळ्यांना खोली लख्ख वाटते, पॅनलला नाही वाटत. म्हणजे एक दिवस चालण्यापुरता चार्ज उन्हात काही मिनिटांत होतो, त्यालाच ऑफिसच्या उजेडात काही तास लागतात, आणि पूर्ण रिकामा सेल ट्यूबलाइटखाली फुल करायचा तर बऱ्याच मॉडेल्सना शंभर तासांच्या वर जातात. नेमके आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये तक्त्यात असतात, ते पान बघायचं. एक संध्याकाळ दिव्याखाली ठेवून "चार्ज होत नाही" म्हणणं बरोबर नाही.

पण ऊन म्हणजे बंद गाडीचा डॅशबोर्ड नव्हे. सेल आणि सीलना उष्णता बाधते, मॅन्युअलमध्ये साठ अंशांच्या वर जाऊ देऊ नका असं लिहिलेलं सापडतं आणि काचेमागे ते सहज होतं. खिडकीत डायल वर करून ठेवा, हात लावून बघा, चटका बसत असेल तर उचला. एलईडी दिवा चालतो, जुना पिवळा बल्ब तापतो म्हणून लांब ठेवायचा. जास्त चार्ज होईल ही भीती नको, ते थांबवायची सोय बहुतेक घड्याळांत असते. आणि उन्हात असताना बॅटरीचं चिन्ह फुल दाखवलं तरी लगेच विश्वास ठेवू नका, कडक उजेडात ते थोडा वेळ जास्त दाखवतं, सावलीत आणून काही मिनिटांनी बघा.

एवढं सगळं करून, नीट चार्ज देऊनही रात्रीत परत बंद पडत असेल तर मग सेल थकला असं धरायचं. वर्षानुवर्षं टिकतो तो, पण अमर नाही. माझी खरी तक्रार इथे आहे. मागचं झाकण उघडून त्याच मापाचा साधा सिल्व्हर ऑक्साईड सेल बसवून देणारे आहेत, घड्याळ चालूही होतं, गिऱ्हाईक खूश, पण तो सेल चार्ज होण्यासाठी बनवलेलाच नाही, पॅनल त्याला चार्ज देत राहतं आणि तो लीक झाला की मशीनचं वाटोळं. तेव्हा रिचार्जेबलच बसवा असं स्पष्ट सांगावं, झाकणाचा रबर रिंग बदलून घ्यावा नाहीतर वॉटर रेझिस्टन्स गेला, आणि कॅलेंडरवालं घड्याळ असेल तर सेल बदलल्यावर रिसेट केलंय ना ते विचारावं, नाहीतर काटे भलतीकडेच थांबतात आणि तारीख दुपारी बदलते.

कंपन्यांना एकच विनंती, सेलचा नंबर त्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या मॅन्युअलऐवजी मागच्या झाकणावरच कोरा. मॅन्युअल कोण जपून ठेवतं?

आपला,
एक नियमित वाचक