प्लाझ्माच्या बातमीत विजेचा हिशेब हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्लाझ्मा (विजेने रेणू-अणू विद्युतभारित केलेला वायू) आणि उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रिया वाढवणारा पदार्थ) वापरून कार्बन डायऑक्साइडपासून रसायने बनवण्याच्या बातम्यांत बहुधा एकच आकडा असतो : किती टक्के वायूचे रूपांतर झाले. वीज किती लागली, हे मात्र येत नाही.

प्रयोगशाळेतली क्वार्ट्झची डिस्चार्ज नळी, म्हणजे विजेने आत प्लाझ्मा तयार करणारी नळी, घ्या. वायू मिनिटाला 50 मिलिलिटर, प्लाझ्मात जाणारी शक्ती 60 वॅट. म्हणजे लिटरमागे 72 किलोज्यूल, मोलमागे (म्हणजे 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमागे) सुमारे 1,760. रूपांतर 20 टक्के धरले, तर तुटलेल्या दर 44 ग्रॅममागे जवळपास अडीच युनिट वीज गेली. कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन वेगळे व्हायला तत्त्वतः मोलमागे 283 किलोज्यूलच पुरतात. कार्यक्षमता जेमतेम 3 टक्के. मायक्रोवेव्ह लहरींनी तयार केलेला प्लाझ्मा यापेक्षा बराच सरस. पण तिथे वायू इतका तापतो की झटकन थंड केला नाही, तर तुटलेले रेणू पुन्हा जुळतात.

कोळशाच्या विजेतून युनिटमागे साधारण 900 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या विजेवर 100 टक्के कार्यक्षम यंत्र चालवले, तरी 44 ग्रॅम तोडण्यासाठी 71 ग्रॅम हवेत जाणार. वीज सौर वा पवन हवी, यात तडजोड नाही. प्लाझ्मा चटकन चालू-बंद होतो, म्हणून कमी-जास्त होणाऱ्या विजेशी त्याचे जमते. याच कारणासाठी हे संशोधन मोलाचे वाटते.

टक्केवारीही तपासून घ्यावी. कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेणूंचे तीन होतात (दोन कार्बन मोनॉक्साइडचे, एक ऑक्सिजनचा), वायू फुगतो. ही वाढ धरली नाही, तर क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातल्या वायूंचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) खरे 20 टक्के 27 दिसतात. नळीनंतर ठरावीक प्रवाहाने नायट्रोजन मिसळला की चूक पकडता येते. शक्ती वीजपुरवठा यंत्राच्या तबकडीवरची की व्होल्टेज-विद्युतभार आलेखातून काढलेली, हेही विचारावे. दोन्हींत मोठी तफावत असू शकते.

उत्प्रेरकाचे श्रेय तर फारच घाईने दिले जाते. उत्प्रेरक म्हणजे बहुधा गोळ्यांवर चढवलेला धातू. नळीत गोळ्या भरल्या की मोकळी जागा घटते, वायू कमी वेळ थांबतो, गोळ्यांच्या स्पर्शबिंदूंपाशी विद्युतक्षेत्र वाढते. हा परिणाम धातूचा नव्हे. धातूविना त्याच आकाराच्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) गोळ्या भरून तुलना केली नसेल, तर ‘उत्प्रेरकाने रूपांतर वाढले’ असे छापू नये. मिथेनसोबतच्या प्रयोगात काजळी धरून निकेल हा उत्प्रेरक धातू निकामी होतो, म्हणून चाचणी किती तास चालली तेही द्यावे.

आपला,
प्लाझ्मा रसायनशास्त्राचा अभ्यासक