पेटीत भूत नाही, बाबा

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "बेबी, याच्यात भूत बसलं का वं? एक पट्टी दाबली तं दोघंदोघं वाजवते!" मी खूप हसले. मग वाटलं, पोळ्याला आले तेव्हा तो डिजिटल पियानो ओसरीत मांडला आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरली. तुम्हाला नीट दाखवलं कुठे? काकडा सुरू व्हायच्या आत हे पत्र पोचावं. आईलाही वाचून दाखवा, तिच्यासाठीही आहे.

भूतबित काही नाही. तुमच्याकडून आवाजाची दोन बटनं एकदम दाबली गेली, की दोन्ही आवाज एकत्र वाजतात. पेटीत एकाच भात्यावर खर्ज आणि नर, म्हणजे जाड आणि मधला, दोन्ही सूर बोलतात ना, तसंच. एकच बटन पुन्हा दाबलं की एकच आवाज उरतो.

पण बंद करायची घाई नको. नुसता पियानो भजनाला पुरत नाही. ठोका पडला की आवाज विरत जातो, पट्टी कितीही धरून ठेवा. स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनांचा ताफा, सूर धरतो पण उठायला वेळ लावतो. भजन चढीला लागलं की तो मागे राहतो. ऑर्गन बोट उचलेपर्यंत टिकतो, पेटीच्या सगळ्यांत जवळचा तोच. म्हणून मला विचाराल तर ऑर्गन आणि त्यात पियानो अगदी बारीक, बोटाचा ठसा कळण्यापुरता. भाजीतल्या हिंगाएवढा.

हे कमी-जास्त कसं करायचं? फंक्शनचं बटन दाबून धरलं की काही पट्ट्याच बटनांचं काम करतात. त्यांवर मी आईच्या पाकिटातल्या टिकल्या लावून ठेवल्यात. (आई, त्या हरवल्या नव्हत्या.) लाल टिकल्यांनी दोन आवाजांचा तोल बदलतो. हिरवीनं घुमारा जातो. तो घालवाच, देवळाचा टिनाचा मंडप आधीच घुमतो.

पिवळ्या दोन टिकल्या मात्र आईच्या.

बाबा, तुमची बोटं जन्मभर काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर बसलेली. आईचा सूर काळी चार. भजनी मंडळात तुमच्या सुरात इतकी वर्षं ती एकतर खाली घोगरी गायली नाहीतर वर ताणून, आणि घसा बसला की दोष थंडीला. पिवळी टिकली 5 वेळा दाबा, एकेका वेळेला सूर अर्ध्या स्वरानं उतरतो. मग तुम्ही खुशाल काळी एकवरून वाजवा, बाहेर काळी चार ऐकू येईल. आईचा आवाज आता थोडा उतरला असेल तर 6 वेळा, म्हणजे पांढरी पाच. तुमची पाळी आली की दुसऱ्या पिवळीनं तेवढंच परत वर. विसरलात तर भांडण होईल, होऊ द्या.

तुमच्या डाव्या हाताचं राहिलंच. भाता ओढून खांदा गेला म्हणून तर हे धूड आणलं. आता तो हात मोकळा आहे, त्यानं नुसता षड्ज, म्हणजे सा, धरून बसा. डावीकडच्या पट्ट्यांना वेगळा आवाजही देता येतो, पट्ट्या कुठून वाटायच्या तेही ठरवता येतं; पण ते दिवाळीत, समोर बसून.

एक खोड आहे: लाइन गेली की हा सगळं विसरतो, आल्यावर टिकल्यांपासून पुन्हा सुरू. काकड्याच्या वेळी इन्व्हर्टरवरच लावा. आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही, हे शेजारच्या काकांनाही सांगा.

काळी चारवर आई गायली की फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. पहाटे पाठवलं तरी चालेल, मी उठल्यावर ऐकीन.

तुमची,
बेबी