डायनमो, बॅटरी आणि 240 रुपयांची पट्टी

पुणे, 18 जानेवारी

प्रिय सुध्या,

परवा फोनवर ‘गाडीच्या पैशांचं काय झालं रे?’ असं विचारलंस आणि तुझी एसटी घाटात शिरून रेंज गेली. तसंही ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच. आज रविवार आहे, ही माहेरी गेली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

थंडी पडली तशी आमची वॅगनआर सकाळी सेल्फ घेईना. घर्र... घर्र... टक्, की संपलं. दुपारी उन्हात उभी असली की एकदम शहाणी. अशातच वाईला सासुरवाडीला गेलो आणि निघताना गणपती घाटापाशी ती अडून बसली. धक्का मारायला मेहुणा, त्याचे दोन मित्र आणि देवळातून बाहेर पडलेले एक गुरुजी. गुरुजींनी दक्षिणा मागितली नाही, एवढंच.

पुण्यात आल्यावर घराजवळच्या गॅरेजात नेली. त्यानं इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावला. 13.1 व्होल्ट आला. ‘साहेब, चौदाच्या आसपास पाहिजे. बॅटरी चार्ज करणारा डायनमो गेला, त्यानंच बॅटरी खाल्ली.’ मीटरवर आकडा दिसला की आपण गप्प बसतो. डायनमो 8,200, जुनी बॅटरी वजा करून नवी 4,600, मजुरी 1,200. मोबाइलवरून 14,000 दिले आणि हातात पडला वहीचा फाडलेला कागद. ना तारीख, ना सही. पतसंस्थेत बावीस वर्षं मी सही नसलेलं व्हाउचर परत पाठवतोय, सख्ख्या काकांचंही पाठवलंय! हिनं विचारलं, ‘बिल?’ मी म्हणालो, ‘ओळखीचा आहे.’

सहा दिवस गाडी झक्कास चालली. सातव्या सकाळी पुन्हा घर्र... टक्.

गॅरेजवाला म्हणाला, ‘आता सेल्फची मोटर उतरवून बघू. कार्बन ब्रश गेले असतील.’ त्या ‘असतील’वर मी अडलो. पहिल्यांदाही ‘असेल’च होतं, फक्त त्यानं ‘आहे’ म्हणून सांगितलं होतं.

मग एका सहकाऱ्यानं नाना पेठेतला एक वायरिंगवाला सांगितला. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यानं काहीच उघडलं नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला म्हणाला, ‘मारा सेल्फ.’ मीटरवर 1.9. ‘इथं अर्धासुद्धा यायला नको. तुमचे दोन व्होल्ट वाटेतच सांडतायत.’ आणखी दोन-तीनदा सेल्फ मारायला लावला, मग माझा हात धरून क्लचच्या केबलवर ठेवला. गरम! सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, तो करंट इंजिनकडून बॅटरीकडे परत यायला अर्थिंगची जाड पट्टी असते. ती सडली की करंट मिळेल त्या वाटेनं पळतो, क्लचच्या केबलमधूनसुद्धा. डायनमोही इंजिनलाच बसवलेला, म्हणून तो पुरतं चार्जिंग करत असूनही बॅटरीपाशी आकडा कमीच दिसायचा.

बॅटरीच्या ट्रेखालून त्यानं पट्टी काढली. वरून काळी, धड. नट बसतो तिथलं कव्हर सोललं तर आत हिरवी भुकटी, आणि तांब्याच्या एवढ्या तारांतल्या बोटावर मोजण्याइतक्या शाबूत. नवी पट्टी 240 रुपये, हात लावायचे 150. मीटर 0.1 वर.

आता पैशांचं. माझा जुना डायनमो नशिबानं भंगारात गेला नव्हता, गॅरेजच्या टेबलाखाली पोत्यात पडला होता. तो मागून आणला, नाना पेठेतच परत बसवून घेतला आणि इंजिन चालू करून मीटरचं शूटिंग केलं. 14.2! ते घेऊन गॅरेजात गेलो. तो म्हणाला, ‘मी काय अंदाजानं नाही सांगितलं, मीटर लावला होता.’ खरंच लावला होता. मी विचारलं, ‘नवा डायनमो बसवल्यावर परत लावलास का?’ तो फडक्यानं हात पुसत राहिला. सुध्या, तो चोर नाही. चोर असता तर मला सोपं गेलं असतं.

पण त्यानं नवा डायनमो ज्याच्याकडून आणला होता तो दुकानदार निराळाच निघाला. त्याच्या दुकानाच्या बिलावर छापलेलं, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, आणि तोंडी, ‘इलेक्ट्रिकचा माल एकदा बसवला की बसवला.’ बरं, त्याचा माल खराब नव्हताच, चूक निदानाची. म्हणून मी भांडण गॅरेजवाल्याशीच ठेवलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला: काय बिघाड, काय बदललं, किती दिले, मोबाइलवरच्या पावतीची प्रत. खाली लिहिलं की बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. पंधरा दिवसांत जमलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, हेही मुद्दाम लिहिलं. दोन प्रती काढल्या आणि एकीवर त्याची पोच घेतली. हा पतसंस्थेचा हात!

चौथ्या दिवशी गॅरेजवालाच दुकानदाराकडे गेला. नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून दुकानदारानं 1,000 कापून डायनमो परत घेतला. 7,200 मला दोन हप्त्यांत मिळाले. बॅटरीचा हट्ट मी सोडला. जुनी चार वर्षांची होती, आज ना उद्या बदलावीच लागली असती. राहिले मजुरीचे 1,200. ते पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करतो म्हणतोय. त्याच्याकडे पुन्हा गाडी न्यायची का, यावर घरात दोन मतं आहेत आणि माझं मत विचारात घेतलं जात नाही.

संक्रांतीला वाईला जाऊन आलो. पुलापाशी तेच गुरुजी भेटले. गाडी एका सेल्फला चालू झाली, तरी म्हणाले, ‘उतारावरच लावत जा.’

वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या अल्टोच्या ट्रेखाली एकदा डोकावून बघ.

तुझा,
अन्या