रेंज घरात बघा, नकाशात नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात मागे एका वाचकाने विचारलं होतं की सध्या सगळ्यात चांगलं नेटवर्क कुठल्या कंपनीचं, कंपनी बदलायची आहे, कोणी तरी नीट सांगा. त्यावर नंतर जी पत्रं आली त्यात प्रत्येकाने आपापल्या कंपनीची आरती ओवाळली, आणि एकाने तर दोन कंपन्यांना शिव्या घालून तिसरीचं नावच सांगितलं नाही. मला हसू आलं कारण या प्रश्नाला मुळात उत्तरच नाहीये. तुमच्या घरात कुठली चालते एवढाच प्रश्न असतो, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला कळणार? मी नुकताच या सगळ्यातून गेलोय म्हणून लिहितोय, जरा लांबेल, काटछाट करायची तर करा.

माझी जुनी कंपनी, नाव सांगत नाही, बारा वर्षं व्यवस्थित होती. मग हळूहळू असं व्हायला लागलं की स्वयंपाकघरात फोन घेतला की समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" करायचा आणि बँकेचा ओटीपी हवा असेल तर बाथरूमच्या खिडकीपाशी हात वर करून उभं राहायचं, आणि ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. कस्टमर केअरला फोन केला तर "सर, आपल्या एरियात नेटवर्क उत्तम दिसतंय". आता त्यांना त्यांच्या स्क्रीनवर दिसतंय त्याला मी काय करू! रिस्टार्ट करा, सिम काढून घाला, हे सगळं तीनदा करून झालं.

मग कंपनी बदलायची ठरवली आणि पहिल्यांदा मी पण तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे कंपन्यांच्या साइटवरचे कव्हरेजचे नकाशे बघितले. सगळा नकाशा एकाच रंगाचा, कुठेही भोक नाही. नंतर कळलं की हे नकाशे बहुतेक करून कॉम्प्युटरवर हिशोब करून काढलेले असतात आणि ते उघड्यावरचे असतात, तुमच्या दोन भिंतींच्या आतले नाहीत. आणि भिंतीचा इथे फार मोठा संबंध आहे. 700, 800, 900 मेगाहर्ट्झ असल्या खालच्या फ्रिक्वेन्सी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, 2300, 2600 किंवा फाइव्हजीची 3500 वाली असेल तर तिच्यात डेटा भरपूर मावतो पण भिंत आली की ती दमते. म्हणून तर रस्त्यावर नेट सुसाट आणि घरात शिरलं की गोल गोल फिरत बसतं. टॉवर घरासमोरच आहे म्हणून खूश होऊ नका, एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असू शकतात आणि तुमच्या कंपनीचा त्यावर असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे फोनवरच्या त्या दांड्या. चार दांड्या दिसल्या म्हणजे सगळं छान असं आपण समजतो, पण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, दोन फोन शेजारी ठेवले तर वेगळ्या दिसतात. त्यापेक्षा बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथे खरा आकडा असतो, उणे असतो. फोरजीवर उणे 85 च्या आसपास असेल तर मस्त, उणे 110 च्या पलीकडे गेला की रडारड. यात गंमत अशी की दर 10 ने ताकद दहापट कमी होते. माझ्याकडे हॉलमध्ये उणे 92 आणि स्वयंपाकघरात उणे 112, म्हणजे आठ-दहा पावलांत सिग्नल शंभर पटीने कमी! कस्टमर केअरला हा आकडा सांगितला तेव्हा पहिल्यांदा पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली.

तर मी काय केलं, आवडलेल्या कंपनीचं एक साधं प्रीपेड सिम घेतलं, वेगळ्याच नंबरचं, आणि फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून महिनाभर वापरलं. जुना नंबर हलवलाच नाही. घरातल्या प्रत्येक खोलीत, जिन्यात, लिफ्टच्या बाहेर, कामाच्या ठिकाणी, जाण्यायेण्याच्या वाटेवर दोन्हीचे आकडे बघितले, घरचे म्हणाले याला वेड लागलंय. आणि मुख्य म्हणजे रात्री आठ ते दहा बघितलं, कारण दुपारी तीनला काय कोणाचंही नेट पळतं, रात्री सगळे व्हिडिओ लावून बसतात तेव्हा खरं काय ते कळतं. एक कंपनी तर अशी निघाली की आकडा उत्तम, दांड्या फुल आणि रात्री मेसेजमधला फोटो उघडेना, कारण तेवढ्या एका टॉवरवर गर्दीच तेवढी. स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेऊन चालवणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत हे जास्त तपासा, रेंज मूळ कंपनीएवढीच येते पण गर्दीत काही वेळा त्यांच्या गिऱ्हाईकाचा नंबर नंतर लागतो.

प्लॅनबद्दल फार लिहीत नाही, तो प्रत्येकाच्या वापराचा प्रश्न. फक्त "अनलिमिटेड" शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा. ठराविक डेटा संपल्यावर स्पीड 64 केबीपीएस होईल असं लिहिलेलं असेल तर ते बंदच समजा, ते किलोबिट असतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 किलोबाइट, 2 एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांच्या वर. आणि 28 दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. इटलीत कंपन्यांनी हीच 28 दिवसांची युक्ती केली तेव्हा लोक इतके भडकले की 2017 च्या अखेरीला कायदा करून महिना परत आणावा लागला.

फोन जुना असेल तर तोही बघून घ्या. कंपनी ज्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, चालते तो फोनला पकडता आला पाहिजे, आणि व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, आहे का ते बघा. नसेल तर कॉल आला की फोन फोरजी सोडून टूजी-थ्रीजीवर उतरतो, आणि ती जुनी नेटवर्क्स बऱ्याच देशांत बंद होतायत, अमेरिकेत तर मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्येच थ्रीजीला रामराम केला. मग नवी कंपनी कितीही भारी असली तरी तुमचा फोन मुका.

नंबर बदलावा लागेल या भीतीने लोक वर्षानुवर्षं वैतागत राहतात, ती भीती आता सोडा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय सिंगापूरने 1997 सालीच केली, नंतर देशोदेशी आली. फक्त घाईघाईत जुनं कनेक्शन आधी बंद करू नका, बंद नंबर पोर्ट होत नाही. बाकी असेल ते बिल भरून टाका, राहिलेला बॅलन्स सहसा बुडतो हे धरून चाला. ज्या दिवशी नंबर सरकणार त्या दिवशी काही तास फोन मुका राहू शकतो, तेव्हा बँकेची कामं आदल्या दिवशी उरका (मी नाही उरकली, व्हायचं तेच झालं). आणि पोर्टिंगचा कोड फोन करून मागणारा कोणीही असो, द्यायचा नाही, नंबर दुसऱ्याच्या हातात गेला की तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे.

संपादक साहेब, एक विनंती. नव्या प्लॅनच्या बातम्या तुम्ही छापताच, त्यात डेटा किती आणि कॉल किती असतात. त्याच बातमीत डेटा संपल्यावर स्पीड किती उरतो आणि प्लॅन किती दिवसांचा, या दोन गोष्टी पण छापत जा की, जाहिरातीत त्या भिंगातून बघाव्या लागतात.

माझा नंबर गेल्या आठवड्यात नव्या कंपनीत गेला, स्वयंपाकघरात आता उणे 94 येतो. आई वेगळी राहते, तिच्याकडे जाऊन पण दोन्ही सिम लावून बघितली, तिथे नवीवाली उणे 115 आणि जुनी ठणठणीत. तिचा नंबर जुन्या कंपनीतच ठेवलाय.

आपला,
एक नियमित वाचक