सोहबतीसाठी हात हवेत

सर्व साथींना सलाम.

आपल्या सूफी सोहबतीत, म्हणजे साथसंगतीत, जिक्राच्या (ईश्वराच्या नामस्मरणाच्या) बैठकीला हल्ली जागा पुरत नाही. बैठक संपल्यावर सतरंज्या गोळा करायला मात्र तीन-चार माणसेच उरतात, आणि तीही ठरलेलीच. हे आवाहन त्यांच्या वतीने आहे.

आपले एक वयस्कर साथी मध्यंतरी येईनासे झाले. ते अंथरुणाला खिळले होते, हे आम्हाला कित्येक आठवड्यांनी कळले. त्यांची नेहमीची जागा रिकामी दिसत होती, पण प्रत्येकाला वाटले की दुसऱ्या कुणी तरी चौकशी केली असेल. सूफी संत अबू सईद अबुल खैर (967-1049) यांनी इराणकडच्या खुरासानात खानकाहवासीयांसाठी, म्हणजे सूफी मठात राहणाऱ्यांसाठी, दहा नियम घालून दिले. त्यांत नमाज आणि रात्रीची इबादत, म्हणजे उपासना, आहेच. पण जेवायचे ते एकत्र आणि एकमेकांची परवानगी घेतल्याशिवाय गैरहजर राहायचे नाही, हेही आहे. यातली इबादत आपण मनापासून करतो. एकमेकांची खबर ठेवणे मात्र मागे पडले.

म्हणून पहिली मागणी वेळेची. न आलेल्यांची विचारपूस करणारे, ज्यांना एकट्याने येणे जमत नाही त्यांना आणून-पोचवणारे, नवख्यांच्या शेजारी बसून त्यांना अवघडू न देणारे साथी हवे आहेत. नव्या माणसाला अदब, म्हणजे रीतभात, शिकवताना चारचौघांत टोकू नये, एवढी मात्र अट. निशापूरचे सूफी लेखक सुलमी (निधन 1021) यांनी सोहबतीच्या शिष्टाचारावर लिहिताना साथीच्या चुका पोटात घालण्यावर भर दिला आहे. आपल्याकडे एखाद्याचा पाय जरा चुकीच्या दिशेला पसरला तरी भुवया उंचावतात!

संसार, नोकरी सांभाळून किती करणार, ही अडचण खरीच. ती जुनी आहे. बाराव्या शतकात सूफी गुरू अबू नजीब सुहरावर्दी यांनी पूर्ण नियम न झेपणाऱ्यांसाठी 'रुखसत', म्हणजे सवलती, नोंदवून ठेवल्या. तेव्हा महिन्यातला एक तास दिलात तरी चालेल. फक्त कबूल केलेला तास पाळा.

दुसरी मागणी पैशांची, आणि ती लिहिताना हात अडखळतो. स्वतःसाठी मागणे सूफींनी सहसा बरे मानले नाही. सोबत्यांसाठी मागण्याची रीत मात्र होती. सूफी संत बाबा फरीद यांच्या अजोधनच्या (आजचे पाकिस्तानातले पाकपट्टण) खानकाहासाठी जंबील, म्हणजे झोळी, फिरवली जाई. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया (निधन 1325) यांच्याकडे न मागता आलेली भेट, 'फुतूह', येई आणि साठवून न ठेवता वाटली जाई. आपली पेटी त्याच वाटेने जावी असे वाटते. जमा झालेली रक्कम आजारपण, शिक्षण किंवा काम सुटल्यामुळे अडलेल्या साथींसाठी वापरली जाईल. पेटी दोघांच्या समक्ष उघडली जाईल आणि हिशेब कुणीही पाहू शकेल. देणाऱ्याचे नाव पुकारले जाणार नाही, घेणाऱ्याचेही नाही. मोठी रक्कम देणाऱ्याला पुढची जागाही मिळणार नाही. ती ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी आहे.

जे स्वतः अडचणीत आहेत त्यांनी पेटीत काही टाकू नये. त्यांनी आम्हाला सांगावे, एवढी विनंती. सांगायला संकोच वाटत असेल तर ज्या साथीशी मन मोकळे होते त्याच्याकरवी कळवावे.

खिदमतीसाठी, म्हणजे सेवेसाठी, नाव द्यायचे असेल तर पुढच्या बैठकीनंतर लगेच निघू नका. सतरंज्या उचलतानाच बोलू.