हौसेने आणलेल्या डुकरांचे पुढे काय?

महोदय,
आपल्या पुरवणीतला ‘मिनी पिग’ पाळण्याच्या हौसेवरचा लेख वाचला आणि राहवेना. मी मूळची सावंतवाडीची, आता इंग्लंडमध्ये डेव्हनला तीन एकरांवर शेती करते. नकोशी झालेली अशी डुकरं लोक माझ्याकडे आणतात. मी ती मांसासाठी वाढवते.

मांडीवर मावणारं पॉटबेली या ‘मिनी पिग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटक्या जातीचं पिल्लू पुढे ५०-७० किलोंचं होतं, हे विकणारा सांगत नाही. मागच्या हिवाळ्यात एक मादी आली. डोळ्यांवर चरबीच्या घड्या उतरल्याने तिला दिसत नव्हतं, खुरं वाढून वळली होती. घरचे तिला प्रेमाने बिस्किटं आणि ताटातलं उरलेलं घालत. इथे २००१च्या लाळ्या-खुरकूत साथीपासून डुकराला स्वयंपाकघरातलं खरकटं घालायला बंदी आहे, डुक्कर हौसेचं असलं तरी! मी तिला चरायला मोकळं सोडलं, खुराक मोजून दिला. चार महिन्यांनी ती हाकेच्या दिशेने बघू लागली.

तिलाही शेवटी कापलं. मांस थोडं, चरबीच फार. ती वितळवून बरण्यांत भरली.

आणणाऱ्याला मी दारातच स्पष्ट सांगते, ‘इथे हिला कापतील.’ काही जण रडत परत नेतात. कुठली औषधं दिली, हेही विचारते. कारण औषधानंतर ठरावीक दिवस मांस खाता येत नाही. बहुतेकांकडे नोंदच नसते.

पुढच्या वेळी पिल्लाच्या फोटोशेजारी पूर्ण वाढलेल्या डुकराचाही फोटो छापा, एवढीच विनंती.

– एक वाचक, डेव्हन